‘जरा थांब’ या ओळीचा शोध

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ते आधीच कोणी करून ठेवले आहे काय, हे पाहणे हे सुसंस्कृत माणसाचे पहिले लक्षण होय. (दुसरे लक्षण : केले असल्यास ते उचलणे.) या तत्त्वावर एक अख्खा उद्योग उभा आहे. जगभरातले सज्जन आपापले प्रोग्राम लिहितात आणि कुणीही वाचा, न्या, बदला, असं म्हणून चव्हाट्यावर मांडून ठेवतात. उरलेले सज्जन ते नेतात. या व्यवस्थेला ओपन सोर्स म्हणतात, आणि तिच्यात कुणाला चोर म्हणायची सोयच ठेवलेली नाही, हा तिचा मोठेपणा.

भिंगराव ज्या कंपनीत होते, ती आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दारांचे प्रोग्राम तयार करी. तयार करी म्हणजे शोधी. तिथे नियम दोनच होते. जगात कुठेही सापडत नाही अशी ओळ लिहायची नाही, आणि जगात कुणीही काढलेली नाही अशी ओळ काढायची नाही. या नियमांमुळे कंपनीत आजवर एकही चूक पहिल्यांदा झाली नव्हती.

भिंगराव तिथे शोधप्रमुख होते. नाव अर्थातच सहकाऱ्यांनी ठेवलेलं. जगातल्या कुठल्याही प्रोजेक्टमधली कुठलीही ओळ ते शोधयंत्रावर चहा निवायच्या आत काढून दाखवत. (घरी त्यांना स्वतःचा मोजा सापडत नसे, पण घराला अजून शोधयंत्र जोडलेलं नाही.)

अशा या गुणी माणसाने हौसेने बायकोच्या दवाखान्याला कंपनीचं दार बसवून दिलं. बायको दातांची डॉक्टर. दार दिसायला देखणं, चालायला गुळगुळीत, फक्त माणूस समोर आला की उघडण्याआधी ते किंचित विचार करी. तेवढ्यात माणूस काचेवर जाई. पहिल्या आठवड्यात एका पेशंटचा दुखरा दात दारानेच हलवून दिला आणि डॉक्टरीणबाईंचं अर्धं काम वाचलं. तोवर भिंगराव याला सेवेचा विस्तार मानत होते.

पुढच्या आठवड्यात सासरे आले. सासऱ्यांची चाल झपझप, आणि नाक हा घराण्याचा मानबिंदू. त्या नाकावर पट्टी बसली.

“बाबांची पट्टी निघेपर्यंत ते दार सुधार,” बायको म्हणाली. “नाहीतर दारही जाईल आणि तूही. पट्टी सोडवायला बाबा इथेच येणार आहेत.”

“मला काही घाई नाही,” सासरे पट्टीआडून म्हणाले. “तोंडाने श्वास घेता येतो.”

भिंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोचा धाक होताच, पण म्हाताऱ्याने जावयाला सांभाळून घ्यावं, हे फार लागलं. ते कामाला भिडले.

दोष लगेच सापडला. प्रोग्राममध्ये एक ओळ होती, तिचा अर्थ ‘जरा थांब’. शेजारी टीप : ‘काढू नका.’ का, ते लिहिलं नव्हतं. भिंगरावांनी ती ओळ शोधयंत्रात घातली आणि जगभरातून ढीगभर प्रोजेक्ट समोर आले. लिफ्ट, फाटकं, कॉफीची यंत्रं, एक स्मशानातली सरकती जाळीसुद्धा. (तिथे थांबायला हरकत घेणारं कुणी नव्हतं.) त्यांनी रीतसर अहवाल केला. साठ टक्के ठिकाणी टीप होती, ‘काढू नका.’ तीस टक्के ठिकाणी, ‘काढू नका!’ (सुधारित आवृत्ती.) उरलेल्या ठिकाणी टीप नव्हती, पण ओळही कुणी काढली नव्हती, यावरून विषयाचं गांभीर्य ध्यानात येतं.

मग त्यांनी डॉक्युमेंटेशन चाळलं. ते अत्यंत परिपूर्ण होतं. ‘जरा थांब : या ओळीने प्रोग्राम जरा थांबतो. अधिक माहितीसाठी कोड पाहा.’ कोडमध्ये लिहिलं होतं, अधिक माहितीसाठी डॉक्युमेंटेशन पाहा. एवढा परस्परविश्वास भिंगरावांनी दोन सख्ख्या भावांतही पाहिला नव्हता.

पण ते हटले नाहीत. कुठली ओळ कुणी कुठून आणली, याचा इतिहास या प्रोजेक्टांत जपलेला असतो. भिंगराव दारावरून लिफ्टवर गेले, लिफ्टवरून फाटकावर, आणि फाटकावरून थेट एका दूरदेशीच्या गृहस्थाच्या खुराड्यावर पोचले. त्या गृहस्थाने कोंबड्यांचं दार आपोआप लागावं म्हणून हौसेने प्रोग्राम लिहिला होता. ओळ त्याचीच. भिंगरावांनी त्याला विचारलं, उत्तर उलटटपाली आलं.

‘माझी एक कोंबडी लंगडी होती. ती दारात रेंगाळायची. तिची शेपटी चेमटू नये म्हणून थांबायला सांगितलं होतं. ती बिचारी गेली. मी ओळ कधीच काढून टाकली. तुमच्याकडे कोंबड्या किती?’

भिंगरावांचा ऊर भरून आला. जगातली निम्मी दारं एका दिवंगत कोंबडीची वाट पाहत उभी होती. ते उत्तर घेऊन धावतच मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे मुख्य अभियंत्या, दोन्ही नियमांच्या जनक. (नियम त्यांनी दुसऱ्या कंपनीतून आणले होते.)

मॅडमनी शांतपणे वाचलं. “ही ओळ किती जणांनी ठेवलीय?”

“सगळ्यांनी.”

“आणि काढलीय?”

“एकट्याने. पण मॅडम, ती लिहिलीच त्याने!”

“म्हणजे मूळ लेखकाला जगाचा पाठिंबा नाही,” मॅडम म्हणाल्या. “शिवाय त्याचं खुराडं. दाराच्या धंद्यात खुराड्याचा दाखला चालत नाही. त्याला कळवा, तुमच्या प्रोजेक्टमध्ये एक महत्त्वाची ओळ राहून गेली आहे.”

भिंगरावांनी कळवलं. गृहस्थ भला, त्याने आभार मानून ओळ परत घातली. आता जगात ती कुणीच काढलेली नव्हती. इतका परिणामकारक शोध कंपनीच्या इतिहासात झाला नव्हता.

भिंगराव तोंड पाडून घरी आले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघायची होती. त्यांनी कोंबडीपासून सगळं सांगितलं. बायको हसून हसून खुर्चीत कोसळली आणि मग डोळे पुसत म्हणाली, “अरे, मग काढ ना ती ओळ!”

“कुणी काढलेली नाहीये गं.”

“तू काढ. मग कुणीतरी काढलेली असेल.”

भिंगरावांनी उभ्या उभ्याच लॅपटॉप उघडला. मग त्यांनी एका खाजगी गृहस्थाच्या नात्याने दवाखान्याच्या दारातून ओळ काढली, प्रोग्राम चव्हाट्यावर ठेवला, आणि सकाळी ऑफिसात जाऊन शोधप्रमुखाच्या नात्याने तो शोधून काढला. मॅडमना कोण आनंद! “बघा, शोधलं की सापडतं,” त्या म्हणाल्या. ओळ गेली. लवकरच तिला जगभरातून रजा मिळाली. तिच्या जागी आता टीप आहे, ‘पुन्हा घालू नका.’ का, ते लिहिलेलं नाही.

त्याच दिवशी सासरे पट्टी सोडवायला आले. दार झटकन उघडलं. सासरे उंबऱ्याबाहेर नाकावर हात धरून उभे. त्यांच्यामागे दोन पेशंट, तेही आपापली नाकं धरून.

“या ना बाबा, उघडंच आहे,” भिंगराव आतून म्हणाले.

“ते दिसतंय,” सासरे म्हणाले. “आधी कुणी गेलंय का?”

भिंगराव बाहेर आले, सासऱ्यांचा हात धरला आणि त्यांना घेऊन आत गेले. मग पेशंटही सुटले. दवाखान्याची भरभराट आहे, सासऱ्यांचं नाक पूर्ववत आहे, आणि भिंगरावांचा संसार दारासह शाबूत आहे.

या गोष्टीला हसावं की नाही, हे ठरवण्याआधी आपण शेजारचा हसतोय का ते पाहिलंत. आम्ही नोंद घेतली आहे. शेजारचाही आपल्याकडेच पाहत होता. जरा थांबा.