साडेनऊ किलोचा हत्ती

आमच्या शेजारचे तात्या भेटल्यावर "बरं हाय का?" असं कधी विचारत नाहीत. ते तुम्हाला वरपासून खालपर्यंत एकदा बघतात, डोळे बारीक करतात आणि सांगतात, "एकसष्ट. मागच्या खेपंला साठ होता." झाला रामराम.

नवीन माणूस गांगरतोच. माझ्या धाकट्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा मी आधीच हात जोडले होते, "तात्या, आज तोंडाला कुलूप." पोहे संपेपर्यंत बिचाऱ्यांनी पाळलं. पाहुणे उठून चपला घालायला लागले आणि यांना राहवेना. मुलाच्या आईकडं बघून म्हणाले, "ब्याऐंशी. पण पोह्यांसकट, हां!" सोयरीक तरी जुळली. पण विहीणबाई अजूनही आमच्या गावी, डाळजला आल्या की तात्यांच्या ओट्यावरून येत नाहीत, मागच्या बोळानं येतात.

आता त्यांचा तरी काय दोष? तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली माणसानं. उसाची गाडी आली की भरलेली काट्यावर घ्यायची, ऊस टाकून निघाली की रिकामी घ्यायची, आणि वजा करायचं. जगात त्यांच्या लेखी दोनच प्रकार, भरलेलं आणि रिकामं. कुणी कशाचंही वजन सांगू द्या, तात्यांचा पहिला सवाल ठरलेला, "भरलेल्याचं का रिकाम्याचं?"

मला मात्र त्यांच्यावर रागावता येत नाही. मागं एकदा ते म्हणाले, "अक्का, चार किलो गेलं की तुमचं." मी खूश. म्हटलं, सकाळच्या चालण्याचा गुण. पण तात्या तीन दिवस कुंपणापाशी येऊन उभे. "अक्का, हे चांगलं जाणं न्हाय. भिगवणला जाऊन रक्त तपासा." तपासलं, तर निघाली साखर. कारखाना सुटला तरी साखर काही सुटली नाही त्यांच्या नजरेतून!

तर सांगायचं होतं ते जयपूरचं. मागच्या जानेवारीत आमच्या आळीतली चौदा माणसं निघाली जयपूर बघायला. तात्या आणि आमच्या सोनावहिनी, म्हणजे त्यांची बायको, दोघं होती. वहिनींनी निघतानाच बजावलं, "तितं परक्या मुलखात कुणाला आकडं सांगत बसू नका. मारत्याल."

"मी कशाला सांगू? मला काय पगार हाय व्हय आता?" तात्या म्हणाले.

पहिल्याच दिवशी राजवाड्यात चांदीच्या दोन भल्यामोठ्या घागरी बघितल्या. माणूस आत उभा राहील एवढ्या. आमच्याबरोबरच्या गाईडनं छाती फुगवून त्यांचं वजन सांगितलं. सगळ्यांनी "अबब" केलं. मागून आवाज आला, "भरा हुआ का, के खाली का?"

"बाबूजी, ये शुद्ध चांदी है."

"चांदी है वो दिखता है. पानी के साथ का बोला, के पानी के बगैर का?"

गाईडनं खिशातलं चोपडं काढलं, पुढं बघितलं, मागं बघितलं. त्यात ते लिहिलेलं नव्हतं. नंतर दिवसभर तो काही सांगण्याआधी तात्यांकडं बघायचा.

दुसऱ्या दिवशी रजयांचं दुकान. जयपूरची रजई म्हणजे हलकी, ऊबदार, आम्ही बायका तर त्यासाठीच आलो होतो. दुकानदारानं गुलाबी फुलाफुलांची रजई हवेत उडवली. "पूरी रजाई, सिर्फ ढाई सौ ग्राम!" तात्यांनी ती दोन्ही हातांवर घेतली, डोळे मिटले. मी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी कपाळाला हात लावला.

"रुई ढाई सौ," तात्या म्हणाले. "कपडे का वजन कौन बोलेगा? ये भरा हुआ किलो के आसपास जाता है."

दुकानदार आधी चिडला, मग हसला, मग त्यानं तात्यांना चहा पाजला आणि शेजारच्या दुकानातली रजई आणून दिली, "ये बताओ." ती सांगितली. मग तिसऱ्या दुकानातला आला. तासाभरात तितं जत्रा! आमच्या रजया घ्यायच्या राहून गेल्या ते राहूनच गेल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र तात्या गप्प होते. आदल्या दिवशी कॅनडातून त्यांच्या लेकाचा फोन आला होता, नातीला डॉक्टरकडं नेलं होतं म्हणून. ओवी तिचं नाव. तिकडंच जन्मली. वर्षाची झाली, पण आजा-आजीनं तिला बघितलं ते फोनमध्येच. मला वाटलं, पोरीला बरं नाही की काय. विचारलं तर म्हणाले, "न्हाय न्हाय, ठणठणीत हाय."

त्या दिवशी आम्ही मूर्ती घडवणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. छिन्न्यांची टकटक, आणि सगळीकडं पांढरी धूळ. माणसांच्या भुवयासुद्धा जात्यावर दळायला बसल्यासारख्या पांढऱ्या. आम्ही देव बघत होतो. तात्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात शिरले आणि एकेक मूर्ती उचलायला लागले. उचलायची, छातीशी धरायची, खांद्याला लावायची, डोळे मिटायचे, ठेवून द्यायची. एक गणपती, एक गाय, एक बासरीवाला.

"बाबूजी," कारागीर म्हणाला, "भगवान को ऐसे नहीं उठाते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "तात्या, चला की, लोकं बघत्यात."

"थांबा अक्का. ही साडेआठ हाय. ही अकरा."

शेवटी कोपऱ्यातला एक हत्ती उचलला. लहान कलिंगडाएवढा, आणि अर्धवट घडवलेला. एक कान दगडातच राहिलेला. तात्यांनी तो खांद्याला लावला आणि उभेच राहिले. मग म्हणाले, "ही."

कारागिरानं तो आपल्या काट्यावर ठेवला. "नौ किलो छह सौ."

"नौ पाचसौ," तात्या म्हणाले. "नीचे का गीला फडका निकालो."

खरंच, काट्यावर ओल्या फडक्याचा बोळा पडला होता. तो काढला. बरोबर साडेनऊ. म्हाताऱ्या कारागिरानं तात्यांच्या पायाला हात लावायचाच बाकी ठेवला. "पर ये तो अधूरा है, बाबूजी. कल तक कान बना दूँगा."

"नको नको! कान कोरला तर वजन घटंल!"

आता वहिनींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तात्या हत्तीवरून हात फिरवत माझ्याकडं न बघताच म्हणाले, "डॉक्टरनं साडेनऊ सांगितली, अक्का. फोनात हसती ती दिसती, रडती ती दिसती. वजन तेवढं दिसत न्हाय."

परतीच्या गाडीत तो हत्ती त्यांच्या मांडीवर. तिकीट तपासनीस आला. "बाबा, पत्थर सीट के नीचे रखो."

"सीट के नीचे कैसा रखेगा?" तात्या म्हणाले. "बच्चा है."

त्यानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. आम्ही तेराही जण एकदम खिडकीबाहेर बघायला लागलो. तो पुढं गेला.

डाळजला आल्यावर हत्ती ओट्यावर बसला. आळीतली माणसं हसायची. "तात्या, हत्तीला चारा काय घालता?" तर तात्या खरंच घालायला लागले! लेकाचा फोन आला, पोरगी दहा किलोची झाली म्हणून, की हत्तीच्या पाठीवर एक कापडी पिशवी बांधली आणि तिच्यात अर्धा किलो ज्वारी. पुढच्या फोनाला आणखी दोन मुठी. वहिनी करवादायच्या, "दगडाला ज्वारी चारताय, आन् कोंबड्या बघत बसल्यात!" पण पिशवी फाटली तेव्हा दुहेरी कापडाची नवी शिवली ती वहिनींनीच. रोज संध्याकाळी तात्या हत्ती पिशवीसकट उचलून ओट्यावर दोन फेऱ्या मारायचे. "सवय असावी," म्हणायचे. "एकदम उचलायला गेलं आन् कंबर धरली, तर?"

दसऱ्याच्या आधी लेक-सून आली, ओवीला घेऊन. तात्या नवीन सदरा घालून उभे. हात पुढं केले. पोरीनं त्यांच्या मिशा बघितल्या आणि असा सूर लावला, की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकली.

तात्या दोन पावलं मागं सरले. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. वळख न्हाय आजून." त्या दिवशी त्यांनी कुणाला आकडा सांगितला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवसांची तर सुट्टी. पोरगी सगळ्यांकडं जाते, माझ्याकडंसुद्धा येते, आणि ज्यानं आठ-नऊ महिने तालीम केली तो माणूस ओट्याच्या टोकाला हत्तीशेजारी बसून असतो. मला बघवेना.

चौथ्या दिवशी ओवी आपण होऊन ओट्यावर आली ती हत्तीकडं. सोंड धरली. मग त्याला उचलायला लागली. तोंड लालबुंद, पाय फाकलेले, हत्ती हलतोय कुठला? तात्या जागचे हलले नाहीत. नुसतं हळूच म्हणाले, "जड हाय, बाय. भरलेला हाय."

पोरीनं हत्ती सोडला. तात्यांकडं बघितलं. आणि दोन्ही हात वर केले.

तात्यांनी तिला उचललं. खांद्याला लावलं. डोळे मिटले. दारात मी, वहिनी, लेक, सून, सगळे उभे, आता आकडा येणार म्हणून. येईना.

"अवो, किती?" शेवटी वहिनींनीच विचारलं.

तात्यांनी डोळे उघडले. पोरगी त्यांची मिशी ओढत होती. "अंदाज येईना," म्हणाले. "परत उचलून बघतो."

तिला खाली ठेवलं. परत उचललं. दिवेलागण झाली तरी चाललं होतं. ओवी खिदळत होती, आणि तात्या दर खेपंला मान हलवून म्हणत होते, "न्हाय बा. परत एकदा."