खुणेची गाय

रविवारी सकाळी कासियननं आपल्या गाईला स्पष्ट सांगून टाकलं, "आल्मा, आज दुपारी या बाकावर बसायला जागा मिळणार नाही. लोकांना ताटकळत उभं राहावं लागेल. लिहून ठेव."

आल्मानं काही लिहून ठेवलं नाही. ती रवंथ करत राहिली. आणि घरात दुसरं बोलणारं होतं कोण? बायको, रोझिना, गेल्यापासून कासियनच्या घरात प्रश्नही त्यानंच विचारायचा आणि उत्तरही त्यानंच द्यायचं. कधीकधी तर तो स्वतःशी भांडायचा आणि मग दिवसभर अबोला धरायचा.

पूर्वी असं नव्हतं. गावातून वर शिखराकडे जाणारी पायवाट त्याच्या अंगणाला अगदी खेटून जायची. उन्हाळाभर माणसंच माणसं. काठ्या टेकत यायची, 'ग्र्युस गॉट' असा तिकडचा रामराम करत बाकावर धपकन बसायची, पाणी मागायची, गुडघ्यांच्या तक्रारी सांगायची. मग एका वसंतात दरड कोसळली आणि पंचायतीनं वाट उचलून ओढ्यापलीकडे, शेजारीण नोटबुर्गाच्या दारावरून नेली. पुढे दरड साफ झाली, पण वाट काही परत आली नाही. ओढ्याच्या अलीकडे कासियन राहिला आणि पलीकडे गर्दी. तिथलं हसणं त्याला इकडे लख्ख ऐकू यायचं, हाच खरा ताप होता.

वर गंमत बघा, वाटेवरच्या खुणा रंगवायचं काम गिर्यारोहण मंडळानं त्याच्याकडेच दिलेलं! लाल, पांढरा, लाल असे तीन पट्टे. दरवर्षी बर्फ वितळला की हा भला माणूस डबे आणि ब्रश घेऊन निघायचा आणि स्वतःच्या हातानं सगळ्या दुनियेला नोटबुर्गाकडे पाठवायचा. आता तुम्हीच सांगा, किती वर्षं सहन करायचं माणसानं?

या वर्षी त्याचं डोकं फिरलं. जिथं वाट ओढ्याकडे वळते तिथल्या दगडावरची खूण त्यानं राखाडी रंगानं बुजवली आणि नव्या खुणा थेट आपल्या घराकडे आणल्या. त्या मुलखातला माणूस हवामान खात्यावर शंका घेईल, डॉक्टरवर घेईल, सख्ख्या भावावर तर घेईलच. पण दगडावरच्या तीन पट्ट्यांवर घेणार नाही. शेवटची खूण त्यानं रविवारी सकाळी गोठ्याच्या खांबावर, चांगली हातभर मोठी काढली. मग आत जाऊन मोठं पातेलं चढवलं. शिळ्या पावाचे आणि खारवलेल्या मांसाचे गोल गोल उंडे वळले, रोझिना करायची तसे. टेबलावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या ताटल्या मांडल्या.

इकडे आल्माच्या पाठीला खाज सुटली. खांब दिसला की गाय काय करणार? तिनं ओल्या रंगावर मनसोक्त अंग घासलं. तिच्या राखाडी अंगावर लाल, पांढरा, लाल असा झकास ठसा उमटला, खांबावर मात्र नुसता चिखल राहिला. मग दाट धुकं उतरलं आणि आल्माला आपली आई आठवली. ही गाय गेल्या वर्षी नोटबुर्गाकडूनच घेतलेली. धुकं पडलं की तिला माहेर आठवायचं. ती निघाली.

नेमकं त्याच वेळी लिंट्स शहराचं ज्येष्ठ नागरिक पदभ्रमण मंडळ कासियनच्या नव्या खुणांवरून वर येत होतं. पुढे निवृत्त हेडमास्तर लाइटगेब, मागे एका ओळीत सगळे. पुढचं सगळं नंतर गावभर झालं म्हणून आपल्याला ठाऊक.

"सर, खूण हलतेय," खजिनदार बाई म्हणाल्या.

"धुक्यात तसं वाटतं."

"सर, खुणेनं शेपटी हलवली."

"बाई, मी चाळीस वर्षं डोंगर चढतोय. खुणेवर शंका घ्यायची नाही, हा पहिला नियम. चला."

आणि अख्खं मंडळ गाईमागे निघालं, तेही कासियनच्या अंगणाबाहेरून! त्याला काठ्यांचा आवाज आला, आल्माची घंटा ऐकू आली, कुणीतरी खोकलं. तो झारा हातात घेऊन धावत बाहेर आला. धुक्यात हाताला हात दिसत नव्हता.

"अहो, इकडे!" तो जीव तोडून ओरडला. "इकडे या! मी इथं आहे!"

"कोणीतरी चुकलेला दिसतोय बिचारा," धुक्यातून हेडमास्तरांचा आवाज आला. "आपण वाट सोडायची नाही. बचाव पथकाला फोन लावा."

घंटा लांब लांब गेली. कासियन ओरडत राहिला, पण उत्तर आलं नाही. आत येऊन त्यानं पातेल्याखालचा जाळ कमी केला. उंडे फुटू नयेत म्हणून.

तासाभरानं खरंच दार वाजलं. तो धडपडत उठला, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं. दारात बचाव पथक. दोर, स्ट्रेचर, कुत्रा, आणि सगळ्यांपुढे पथकाचा प्रमुख एगिड, जो गिर्यारोहण मंडळाचाही अध्यक्ष होता.

"इथं कोणी माणूस हरवलाय म्हणे," एगिड धापा टाकत म्हणाला. "मदतीसाठी ओरडत होता. तू पाहिलास का?"

"मीच ओरडत होतो."

"तू? स्वतःच्या घरात? हरवलायस का तू?"

कासियननं मांडलेल्या ताटल्यांकडे पाहिलं. "तसं म्हटलं तर हो," तो म्हणाला.

एगिडनंही ताटल्या पाहिल्या, मग कासियनच्या बोटांना लागलेला लाल रंग पाहिला. त्यानं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा," तो म्हणाला, पण हळूच. "उद्या सगळ्या खुणा घासून काढ आणि जुन्या होत्या तशा कर. मंडळात मी बघतो काय सांगायचं ते."

"दोन घास खाऊन जा ना सगळे."

"आधी ती लिंट्सची म्हातारी माणसं शोधायची आहेत. परत कधीतरी." पथक निघालं. कुत्रा तेवढा एक उंडा घेऊन गेला.

म्हातारी माणसं शोधायची गरजच पडली नाही. ती ओढ्यातून गुडघाभर पाण्यात चालत, गाईमागोमाग नोटबुर्गाच्या गोठ्यात सुखरूप पोचली होती. धुकं विरल्यावर कासियन गाय आणायला गेला. तिच्या घरात मोजे चुलीपुढे वाळत होते, हेडमास्तर 'या डोंगरातली सर्वांत सुंदर वाट' यावर भाषण देत होते, आणि सगळे खदखदून हसत होते. तो उंबऱ्यातच थांबला.

नोटबुर्गा हात पुसत बाहेर आली. उभ्या आडव्या बांध्याची, तोंडानं फटकळ बाई. "घेऊन जा तुझी रंगीत गाय. एवढी हौस होती माणसांची, तर ओढा ओलांडून इकडे यायला काय झालं होतं?"

"तुझ्याकडे गर्दी असते."

"असते ना. सूप कितीला, शिखर किती लांब, संडास कुठं आहे. एवढंच विचारतात आणि निघून जातात. नोटबुर्गा, तू कशी आहेस, असं यंदा कोणी विचारलेलं नाही."

कासियननं बुटाचा चिखल उंबऱ्यावर खरवडला. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या रविवारी संध्याकाळी निवांत बसू या का?"

"बसू की," ती म्हणाली आणि घाईनं आत गेली.

आठवडाभर कासियन खुणा घासत होता आणि उरलेले उंडे खात होता. रविवारी त्यानं दाढी केली, लग्नातला कोट चढवला आणि वरच्या पुलावरून नोटबुर्गाकडे गेला. दाराला कुलूप. तो तिच्या बाकावर बसला. ऊन डोंगरामागे गेलं, गारठा पडला, तरी बसूनच होता. 'विसरली,' तो स्वतःला म्हणाला. 'विसरणारच,' त्यानं स्वतःच उत्तर दिलं, आणि उठला.

कुठं बसायचं, हे दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात घरी पोचल्यावर आलं. त्याच्या बाकावर निळ्या फुलांची ताटली होती, चाटून पुसून स्वच्छ. शेजारी आल्मा, तोंडात ताटलीवर झाकलेल्या कापडाचा तुकडा. नोटबुर्गा खालून, ओढ्यातून आली होती, वाट बघून बघून परत गेली होती.

सकाळ होते न होते तोच तो ताटली घेऊन तिच्या दारात हजर.

"फार छान झालं होतं," तो म्हणाला.

नोटबुर्गानं हाताची घडी घातली. "काय छान झालं होतं?"

कासियननं ताटलीकडे पाहिलं. या वेळी प्रश्न दुसऱ्या कोणीतरी विचारला होता, आणि त्याला उत्तर येत नव्हतं.