राजाचा खोकला धनाजीच्या नावावर

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा खोडलं. मी लेखक नाही, एसीवाला आहे. मराठी टायपिंग मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. (एसीसुद्धा तसाच शिकलो, पण ते कंपनीला सांगू नका.) माझ्या जोडीदाराला, धनाजीला, एक शब्द दिलाय म्हणून लिहितोय. कुठला ते शेवटी.

तर. राजा कधीही आजारी पडत नसतो. आजारी तुम्ही-आम्ही पडतो. राजा 'विश्रांती घेतो'. विश्रांती फार वाढली की तो 'उपचारांना उत्तम प्रतिसाद देतो'. आणि एके दिवशी प्रतिसाद देता देता टपाल तिकिटावर जातो. कुठल्याही प्रगत राष्ट्राचा पाया हाच.

फुटबॉल वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं आहेत. दोहा जिकडेतिकडे खणलेलं, आणि जे बांधून झालेलं ते बघायला परदेशातून पाहुणे. असेच एक राजेसाहेब स्टेडियम बघायला आले. लांबच्या कुठल्याशा बेटांचे. देशाचं नाव सांगत नाही, कारण अधिकृतरीत्या ते पुन्हा इथल्या त्याच हॉटेलात उतरणार आहेत आणि तिथल्या एसीचं काम आमच्याकडे आहे.

राजेसाहेब उतरले, हात हलवला, आणि खोकले.

आता त्यांची राज्यघटना ऐका. राजा आजारी पडला की कारभार युवराजाकडे. युवराज निळ्या पक्षाच्या बाजूचे, सरकार पिवळ्या पक्षाचं. म्हणजे राजाला ताप आला की सरकार गेलं. किती सुटसुटीत! आपल्याकडे सरकार पाडायचं तर आमदार बसमध्ये भरून रिसॉर्टला न्यावे लागतात. तिथे एका थर्मामीटरमध्ये भागतं.

ही माहिती आम्हाला शौनक सरांनी दिली. शौनक सर हॉटेलचे चीफ इंजिनिअर, पुण्याचे. त्यामुळे माहिती न मागता मिळते.

राजांच्या खासगी सचिवांचा हुकूम आला की सूटमधला एसी अठरावर दिसला पाहिजे. आजारी माणूस एसी बंद करतो हे विरोधी पक्षालाही माहीत असतं, आणि त्यांच्या देशाचे पत्रकार फोटोसाठी आत येणार होते. पण अठरावर ठेवला तर राजांचा खोकला वाढणार. म्हणून मी आणि धनाजीने डक्टमधली झडप बंद केली. भिंतीवर आकडा अठरा, खोलीत हवा शून्य. कारभार कसा असावा याचा मला तरी यापेक्षा चांगला नमुना माहीत नाही.

एकच गडबड झाली. डक्टमधली हवा थांबली तशी तिची घरघरही थांबली. आणि राजांचा खोकला त्या रिकाम्या पत्र्याच्या बोगद्यातून थेट बाहेरच्या लॉबीच्या छतातून ऐकू यायला लागला. लॉबीत पत्रकार बसलेले. सगळ्यांनी वर पाहिलं.

सचिवांनीही वर पाहिलं. तिथे शिडीवर दोन पाय होते. बाकीचा धनाजी छतात होता.

छतातून खोकला आला आणि छतात माणूस आहे, तर खोकला कुणाचा? तिसरीतलं पोरगं सांगेल. सचिवांनी त्या पायांकडे बोट दाखवलं.

"काय झालं रं, मच्छ्या?" धनाजीने आतून मला विचारलं.

"काही नाही. तू आजारी आहेस."

"कवापासनं?"

"आत्तापासून."

शौनक सर पत्रकारांकडे हसून बघत मराठीत म्हणाले, "धनाजी, प्लीज, एकदा खोक. एकदाच. डिप्लोमॅटिक मॅटर आहे."

धनाजी खोकला. अगदीच किरकोळ खोकला. राजांच्या खोकल्याला जी एक खोली होती, एक परंपरा होती, ती त्यात नव्हती. पण चाललं.

दुसऱ्या दिवशी त्या देशात पहिलं पत्रक निघालं. 'महाराजांची प्रकृती उत्तम आहे. महाराजांनी एका आजारी एसी कामगाराची स्वतः विचारपूस केली.'

तिसऱ्या पत्रकापर्यंत धनाजी राष्ट्रीय प्रश्न झाला होता. निळ्या पक्षाला आजारी छाती कुणाची आहे ते बरोबर कळलं होतं, पण तसं म्हणणं म्हणजे राजद्रोह. म्हणून त्यांनी संसदेत विचारलं, "त्या कामगाराला ताप किती?" पंतप्रधान म्हणाले, "उतरतोय." शेअर बाजार चढला. एका पाहणीत त्र्याहत्तर टक्के जनतेने धनाजीला ओळखलं, अर्थमंत्र्याला अकरा टक्क्यांनी. (उरलेल्या सोळा टक्क्यांना वाटलं, धनाजीच अर्थमंत्री आहे.)

राजवैद्य रोज लवाजमा घेऊन आमच्या लेबर कॅम्पवर, बरवा अल बराहाला यायचे. धनाजीच्या छातीला नळी लावायचे, मान हलवायचे, आणि औषध नेऊन राजांना पाजायचे. अशी ट्रीटमेंट आमच्या कॅम्पवर आजवर कुणाला मिळाली नव्हती. यालाही मिळत नव्हतीच म्हणा.

आता धनाजीचं बघा. शुक्रवारचं त्याचं घरी जायचं तिकीट होतं. मुलगी झाली तेव्हा तो इथेच होता. बायको बबीताने हट्टाने बारसं थांबवलेलं, बाप आल्याशिवाय पोरीला नाव ठेवायचं नाही. तोवर सगळं गाव तिला 'बाळी' म्हणतं. अल मन्सूराच्या दुकानातून घेतलेला तिचा गुलाबी फ्रॉक बॅगेत सगळ्यात वर.

कंपनीने सांगितलं, फिट सर्टिफिकेटशिवाय विमानात बसवणार नाही. ज्याच्या तापावर परदेशात संसद चालू आहे, त्याला असं सोडायचं कसं? जबाबदारी कोणाची? सर्टिफिकेट देणार उपचार करणारा डॉक्टर. आणि तो डॉक्टर राजांबरोबर त्यांच्या देशात निघून गेला होता. राजेसाहेब 'विश्रांतीसाठी' स्ट्रेचरवरून विमानात चढले होते.

शौनक सरांना भेटलो. म्हणाले, "आय फील टेरिबल, खरंच. पण टेक्निकली तो आजारी आहे रे. इन्शाल्ला होईल काहीतरी." इन्शाल्ला ते फक्त आमच्याशी बोलताना म्हणतात.

शुक्रवार गेला. विमान गेलं. पत्रकं येत राहिली. 'कामगाराच्या प्रकृतीत चढउतार.' मग 'कामगाराने रात्र अस्वस्थतेत काढली.' (रात्रभर घोरत होता. मी वरच्या बंकवर असतो.) मग 'कामगार कृत्रिम श्वासावर.' हे धनाजीने अंडाकरीत चपाती बुडवता बुडवता वाचलं. चपाती हातातच राहिली.

"मच्छ्या, राजा लईच आजारी दिसतोय."

"हो."

"म्या बी मग."

ती बातमी फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर पोचली. बबीताचा रडत फोन. धनाजीने व्हिडिओ लावला, उठून उभा राहिला, दोन उड्या मारून दाखवल्या.

"अगं बघ की, ठणठणीत हाय!"

मागून त्याची आई, हौसाबाई, म्हणाली, "आवाज बारीक झालाय लेकराचा."

सरपंचाने स्क्रीनमध्ये डोकं घातलं. "वहिनी, हे जुनं शूटिंग असतंय. हल्ली काय बी करत्यात." मग थेट धनाजीला म्हणाला, "तू आराम कर, धनाजी. बोलू नगं." आणि फोन ठेवला.

गावाने सर्वानुमते ठरवलं, बाप कृत्रिम श्वासावर असताना बारसं बरं दिसत नाही. देवळात धनाजीसाठी अभिषेक झाला. प्रसादाचा फोटो धनाजीलाच आला. खाली सरपंचाने लिहिलं होतं, 'लवकर बरा हो.'

सख्खी बायको फोन करते ना? करते. पण आता बोलत नाही. बाळीला स्क्रीनसमोर धरते आणि पदराने डोळे पुसते. धनाजी म्हणतो, "अगं, मला काय झालं न्हाई." ती म्हणते, "हां. शांत पडा."

काल कॅम्पच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना धनाजी म्हणाला, "उद्या राजा मेला तर?"

मी दोरीवरच्या शर्टला चिमटा लावला.

"राजा तर मरत नसतो. मग मरायचं कुणी?"

याचं उत्तर त्यांच्या घटनेतही नसावं. म्हणून मी त्याला शब्द दिला. "तू जिवंत आहेस हे मी लिहीन. सगळं, जसं झालं तसं. आणि लोकांना वाचायला लावीन."

"लोक वाचत्याल आणि म्हणत्याल, भारी गोष्ट लिहिलीय पोरानं. हसत्याल आणि पुढं जात्याल."

"नाही रे," मी म्हणालो. "हे वाचणारी माणसं शिकलेली असतात. ती तुझ्या गावासारखी नाहीत. ती विश्वास ठेवतील. शब्द देतो."

दिलाय शब्द. तुमच्या भरवशावर.