मशीनचा जामीन

उंबरदरी गावात रहेमतुल्ला टेलरची शिलाई मशीन सोमवारी चोरीला गेली आणि मंगळवारी सापडली. खरी पंचाईत सापडल्यामुळे झाली. चोरीलाच राहिली असती तर माणूस दोन दिवस हळहळला असता, चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि डोणगावच्या बाजारातून एखादी जुनी मशीन आणून लग्नसराईच्या कामाला लागला असता. पण उंबरदरीच्या पोलीस चौकीनं ती शोधून काढली.

शोधून काढली म्हणजे कशी, तेही ऐका. कडूबा चोर तसा कष्टाळू. पण मशीन जुन्या घडणीची, ओतीव लोखंडाच्या पायांची. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत नेता नेता त्याच्या कमरेत उसण भरली. मशीनला टेकून तो तिथंच बसून राहिला आणि उजाडल्यावर जो पहिला माणूस दिसला त्याला म्हणाला, "भाऊ, जरासा हात लावता काय?" तो माणूस चौकीचे भागवत जमादार निघाले.

रहेमतुल्ला पेढे घेऊन चौकीत गेला. मशीन व्हरांड्यात उभी होती. त्यानं मायेनं तिच्यावरून हात फिरवला तसे जमादार खेकसले.

"हात नका लावू मास्तर. मुद्देमाल हाये तो."

"साहेब, माही मशीन हाये."

"तुमची होती. चोरानं नेली तवा त्याची झाली, आमी जप्त केली तवा सरकारची झाली. आता कोणाची हाये, हे कोर्ट ठरवीन."

"तिच्यावर माहं नाव लिवेल हाये ना. हे पाहा, रहेमत टेलर्स."

"नाव तं चोरबी लिवते. पावती हाये काय?"

आता ही मशीन रहेमतुल्लाला सासऱ्यानं लग्नात दिलेली. लग्नातल्या वस्तूची पावती मागणारा जावई त्या काळात जन्माला यायचा होता. तरी त्यानं घरी जाऊन बायकोला, अमीनाला, विचारून पाहिलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"माह्या बापानं मशीन देल्ली, पावती नाई देल्ली. मांगायची होती तं निकाहाच्या टायमाले मांगायची होती. आता तो कबरीतून उठून देईन काय?"

आठवड्याच्या आत कडूबाला जामीन मिळाला. तो स्टँडवरच्या हॉटेलात बसून कट चहा पिऊ लागला. हे पाहून रहेमतुल्लाच्या डोक्यात उजेड पडला आणि तो पुन्हा चौकीत गेला.

"साहेब, चोरनारा सुटला आन् चोरेल मशीन अजून अंदर हाये. तिलेबी जामीन द्या ना. मी जामीनदार राह्यतो."

जमादारांनी यावर खरोखर विचार केला. माणूस वाईट नव्हता. "मास्तर, जामीन देताना आरोपी फरार होईन काय, ते पाहा लागते," ते म्हणाले. "तुमची मशीन एकडाव नाल्यापर्यंत जाऊन आलेली हाये. तिची हमी कोण घेईन?"

लग्नसराई अंगावर आलेली. नवरीचे ब्लाउज, नवरदेवाचे सफारी, मामाचे झब्बे, सगळं कापड मेहकरच्या एसटीत बसून चाललं. दुकानात कात्री, टेप आणि रहेमतुल्ला एवढंच उरलं. अमीना घरी हातानं काजं करून देई आणि तेवढ्यावर चूल पेटे. रहेमतुल्लाला रडू येई, पण टेलर रडताना दिसला तर उरलेलं गिऱ्हाईकही जाईल म्हणून तो शटर अर्धं ओढून रडे.

अखेर गावाला त्याची दया आली. उंबरदरीची रीत अशी, की कुणावर संकट आलं म्हणजे आधी त्यातून तत्त्व काढायचं. ग्रामसभा भरली. एका मशीनपायी एवढा घोळ होतो तर या चौकीचं करायचं काय, असा विषय निघाला आणि बघता बघता गावात तीन पार्ट्या पडल्या. रहेमतुल्लाला पीडित म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि त्याला बोलू देण्याचं सगळेच विसरले.

पहिली पार्टी पुंजाजी पाटलांची. पुंजाजींचं म्हणणं, पोलीस उपाशी आहे म्हणून चौकी अशी आहे. "बैलाले ढेप चारत नाई आन् वखर ओढत नाई म्हनून बोंबलता. चौकीले पैसा द्या, मंग पाहा." गावाला पटलं. वर्गणी झाली, वरूनही काही निधी आला. त्यातून आधी चौकीसमोर कमान उभी राहिली, तिच्यावर पुंजाजींच्या वडिलांचं नाव आलं. उरल्या निधीतून कॅमेरा बसला आणि चौकीत राखण्यासारखी वस्तू एकच असल्यामुळे तो मशीनवर रोखला गेला. त्यामुळे पीडिताची मोठी सोय झाली. अलीकडच्या गल्लीतला वकार आपल्या मोबाइलवर त्याला मशीन केव्हाही दाखवू शके. अमीनानंही एकदा पाहिली आणि म्हणाली, "अजी, गंजून राह्यली ना ते. आन् फळीवर कोंबडी बसेल हाये."

मग सरपंच जयमालाबाईंच्या सुधारणा पार्टीची पाळी आली. पैशानं काही होत नाही, माणूस बदलला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. जमादारांना सौजन्याच्या प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. परत आले ते पार बदलून. रहेमतुल्ला दारात दिसताच उठून उभे राहिले, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

"नमस्कार मास्तर. मी आपली काय मदत करू?"

"मशीन द्या साहेब."

"मशीन देता येनार नाई, याचं मले मनापासून वाईट वाटून राह्यलं," जमादार म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. रहेमतुल्लाच्याही आलं. दोघं बराच वेळ मशीनकडे पाहत बसले. जाताना जमादारांनी त्याला अभिप्रायाचं कार्ड दिलं आणि त्यानं 'अत्यंत समाधानी' या चौकटीत खूण केली, कारण इतकं गोड नाही त्याला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. त्या कार्डाच्या जोरावर सुधारणा यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

पुढच्या ग्रामसभेत वकार उठला. हा पोरगा मोबाइलवर जगाची खबर ठेवणारा. "परदेशात लोकं पोलीसच नको म्हनून मोर्चे काढून राह्यले," तो म्हणाला. "आपल्याले तरी काऊन पाह्यजे? चौकी नसती तं मशीन कोनं धरून ठेवली असती? करा बंद." रहेमतुल्लाला तत्त्वातलं काही कळत नव्हतं, पण चौकीच नसली की चौकीतली मशीन मोकळी, एवढा हिशेब त्याला झटक्यात कळला. त्यानं दोन्ही हात वर केले. पीडिताचेच दोन हात वर गेल्यावर गावाला लाज वाटली आणि ठराव पास झाला.

वरून उत्तर आलं. "सदर चौकी तत्त्वतः रद्द करण्यात येत आहे. तथापि मुद्देमाल शिल्लक असेपर्यंत रद्द चौकीचे अस्तित्व पूर्ववत राहील. रद्द चौकीच्या सुरक्षिततेसाठी पुरेसा बंदोबस्त नेमण्यात यावा."

चौकीला कुलूप लागलं, कुलपावर लाख लागली आणि मशीन आत गेली. चौकी होती तेव्हा गावात एकटे भागवत जमादार होते. चौकी रद्द झाल्यावर त्यांच्या हाताखाली चार शिपाई, एक तंबू आणि एक जीप आली. कॅमेऱ्यातही आता नुसतं कुलूप दिसे. रहेमतुल्लानं जमादारांना विचारलं, "साहेब, हे कवा उठन?" जमादार सौजन्यानं म्हणाले, "मुद्देमाल निकाली निघाला की चौकी बंद होईन. पन मुद्देमाल निकाली काढाले चौकी चालू पाह्यजे, आन् ते तं तुमीच बंद केली ना मास्तर."

गाव पेटलं. पुंजाजी म्हणाले, पैसा कमी पडला. जयमालाबाई म्हणाल्या, सौजन्य कमी पडलं. वकार म्हणाला, बंद नीट झाली नाही. तिघांच्या पार्ट्या एकमेकींच्या अंगावर धावून जायला लागल्या म्हणून पोलीस असावेत की नसावेत या एकाच विषयावर शाळेच्या मैदानात विशेष ग्रामसभा ठेवली. अशा सभेत डोकी फुटण्याचा संभव असल्यानं तिला बंदोबस्त हवा होता. जमादार, चारही शिपाई आणि जीप मैदानात आली. पोलीस नकोच म्हणणाऱ्यांना त्यांनी पहिल्या रांगेत सुरक्षित बसवलं.

रहेमतुल्ला त्या सभेला गेला नाही. त्याला आता खुर्चीचा कंटाळा आला होता. भर दुपारी तो ओट्यावर बसलेला असताना समोरून कडूबा हातगाडी ढकलत आला. गाडीवर गोणपाटाखाली ओतीव लोखंडाचे पाय दिसत होते.

"कुठी ठेवू, मास्तर?"

रहेमतुल्लानं गोणपाट उचलून पाहिलं. "कडूबा, अबे कोठून आनली?"

"चौकीतून. कोनी नवतंच तथी. दर तारखेले मले मेहकरले जा लागते आन् मुद्देमाल आला नाई म्हनून तारीख पुढं जाते. कटाळलो बाप्पा. आता मुद्देमालच गायब झाला तं केस कायची चालन?" मग गाडी टेकवत तो म्हणाला, "आन् तुमचंबी पाहावत नवतं."

मशीन ठेवावी तर रहेमतुल्ला चोरीचा माल बाळगणारा ठरत होता, परत करावी तर लेकरं उपाशी मरत होती. अमीना बाहेर आली, तिनं बापाच्या मशीनकडे पाहिलं, पदरानं कोंबडीची घाण पुसली आणि म्हणाली, "अंदर घ्या. तेल मी आनते."

त्या संध्याकाळपासून मागच्या खोलीतून मशीनचा आवाज सुरू झाला. गल्लीला ऐकू गेला, गावाला ऐकू गेला, पण कुणी कुणाला काही विचारलं नाही. गिऱ्हाइकं मागच्या दारानं कापड ठेवून जाऊ लागली. आणि एक दिवस त्याच दारानं भागवत जमादार आले. रहेमतुल्लाच्या हातातला कपडा खाली पडला.

"मास्तर, पॅन्ट कमरेत ढिली करा लागते," जमादार छताकडे पाहत म्हणाले. "शुक्रवारपर्यंत पाह्यजे. मशीनच्या चोरीचा तपास कराले वरून साहेब येऊन राह्यले. युनिफॉर्म नीट नको काय?"

पॅन्ट गुरुवारीच तयार झाली. तपास जोरात झाला आणि मशीन कुठंही सापडली नाही.

वाद मात्र मिटलेला नाही. पारावर तिन्ही पार्ट्या अजून हिरिरीनं भांडतात. मग पुंजाजी अंधार पडायच्या आत कडूबाच्या अंगणात जातात, कारण त्यांची मोटरसायकल कुठल्याशा चौकीच्या आवारात उभी आहे. तिथं त्यांना जयमालाबाई भेटतात, त्यांच्या भावाची ट्रॉली जप्त आहे. वकार आधीच येऊन बसलेला असतो, त्याचे स्पीकर मिरवणुकीत पोलिसांनी उचलून नेले आहेत. या अंगणात कुणी भांडत नाही. कडूबा सगळ्यांना तारीख देतो आणि दिलेल्या तारखेला माल घेऊन येतो. जिल्ह्यात असं दुसरं खातं नाही.

रहेमतुल्लाचं म्हणाल तर त्याचा धंदा पूर्वीपेक्षा बरा चालतो. फक्त खाकी रंग दिसला की मशीनच्या पॅडलवरचा पाय थांबतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनवर तो चोरासारखा बसतो आणि जन्मात कुणाची सुई न उचललेल्या त्या माणसाला याचं फार वाईट वाटतं.

हे वाचून तुम्हाला चीड आली असेल. यायलाच पाहिजे, तुम्ही कायदा मानणारी माणसं. येईल तेवढी येऊ द्या. मग शांतपणे आठवून पाहा, तुमची कोणती वस्तू कुठल्या आवारात गंजत उभी आहे, आणि हा कडूबा तुमच्या तालुक्यातली कामं घेतो का, हे विचारावंसं तुम्हाला नेमकं कितव्या परिच्छेदात वाटलं. उंबरदरीच्या लोकांनी निदान आधी तीन ग्रामसभा घेतल्या होत्या.