उडत्या पंपाचे जनक

विज्ञानाला पोहोचायला नेहमीच उशीर होतो. लेखक तिथे आधीच जाऊन, चहा पिऊन परत आलेला असतो. (चहा त्याला कुणी विचारलेला नसतो, ही गोष्ट वेगळी.)

आसेगावच्या नानाजींनी पस्तीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात विज्ञानकथा लिहिली होती. तीत पाठीवरच्या फवारणीच्या पंपाला पंख फुटतात आणि तो तुरीवर औषध मारून आपला आपण घरी येतो. कथा तिघांनी वाचली. एक स्वतः नानाजी, दुसरा छापखान्यातला खिळे जुळवणारा. तिसऱ्याचा शोध चालू आहे.

यंदा गावात फवारणीचा ड्रोन आला. "हे मले आधीच सुचलं होतं," असे नानाजी भेटेल त्याला सांगत सुटले. लोकांना कामधंदे असतात, म्हणून ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ देऊन विषय मिटवला. सत्काराच्या भाषणात नानाजी नम्रपणे म्हणाले की मोबाइल आणि कृत्रिम बुद्धिमत्ताही त्यांनाच सुचली होती, फक्त लिहायचे राहून गेले. टाळ्या बऱ्या पडल्या.

आठवड्याभरात गावातल्या पंचफुलाबाईंची तूर करपली. ड्रोनवाल्याने तणनाशकाची टाकी न धुता तीतच अळीचे औषध भरले होते आणि फवारणी आटोपून तो मोटारसायकलने वाशीमकडे पसार झाला होता. पंचफुलाबाई थेट नानाजींच्या अंगणात आल्या.

"माही तूर जळून राह्यली, नानाजी! वर्षाचं वरण गेलं माह्या लेकरायचं!"

"म्या काय केलं, बाई? म्या त निसती गोष्ट लिवली."

"मंग शाल कायले घेतली?"

नानाजींनी शास्त्रशुद्ध खुलासा केला: शोधाचे श्रेय पहिल्यांदा सुचणाऱ्याचे, नुकसान शेवटी बटण दाबणाऱ्याचे. हा नियम साऱ्या जगात पाळला जातो. पंचफुलाबाई मात्र ओसरीवर ठाण मांडून बसल्या.

आतून नानाजींच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या, "द्या न आपल्या वावरातली तूर. सुचलं त तुमालेच होतं ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच नानाजींना आठवले की ही कल्पना एकट्याची नव्हती. ती पुष्कळांना सुचली होती, अगदी शिकल्यासवरल्या वाचकांनासुद्धा. तसे त्यांनी शपथेवर सांगितले.

पंचफुलाबाई न्यायी बाई. त्यांनी एकट्या नानाजींवर भरपाईचा भार टाकला नाही.

तेव्हा वाचकहो, एखादे नवे यंत्र पाहून "यात काय विशेष, हे मला केव्हाच सुचलं होतं" असे आपणही चारचौघांत म्हणाला असालच. पंचफुलाबाई आपला पत्ता विचारून राहिल्या आहेत.