कपाटातला जखमी गोफणवाला

मुलांनो, एका जंगलात यशोधन नावाचा ससा राहत होता. त्याला सैनिक जमवायचा नाद होता. खरे नव्हेत, लाकडाचे. पण मापाला अस्सल, अगदी सशाएवढे. लांडग्यांशी मोठी लढाई झाली होती, तिच्यात लढलेल्या सशांचे हे पुतळे. प्रत्येकाच्या हातात गोफण, कमरेला दगडांची पिशवी. गोफण सुटी काढता येई. पण काढायची नाही.

बिळात दोनच खोल्या होत्या. कोरड्या खोलीत, मोठ्या कपाटात, सैनिक राहत. ओल्या खोलीत यशोधन आणि त्याची नवी नवरी रेवती. दाराबाहेर पानांच्या आडोशाला यशोधनचे वडील, हैबतराव. ते त्या लढाईत लढले होते. तेव्हापासून त्यांचा एक पाय अधू होता.

थंडी पडली तसा पाय ठणकू लागला.

"यशा, मला कोरड्यात घे रे."

"बाबा, तुमच्या श्वासानं दमटपणा वाढतो. रंग उडतो."

"माझा?"

"त्यांचा."

रेवती घरात नवी होती, म्हणून नुसती बघत होती. कपाटात एक जागा रिकामी होती. तिथं 'जखमी गोफणवाला' हवा होता. तीन वर्षं शोधूनही तो मिळत नव्हता.

एक दिवस यशोधन बाजाराला गेला. रेवतीनं सासऱ्यांना आत आणलं, अंग पुसलं, हातात त्यांचीच जुनी गोफण दिली आणि त्या जागी उभं केलं.

"मामंजी, हलायचं नाही."

"किती वेळ?"

"ते घरात आहेत तोवर."

यशोधन परतला आणि बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"अगं, हा कुठं मिळाला?"

"आपल्याच दारात पडून होता."

"लोकांना किंमत नसते बघ!"

तेव्हापासून हैबतरावांचे दिवस पालटले. मुलगा रोज सकाळी त्यांना मऊ पिसानं पुसू लागला. गार वारा लागू नये म्हणून दाराला पडदा आला. पाहुण्यांना तो सांगे, "लांबून बघा हं. फार सोसलंय त्यानं."

यशोधन बाहेर पडला की रेवती सासऱ्यांना खाली बसवून गाजर देई.

"पाय कसा आहे, मामंजी?"

"पाय बरा आहे गं. पण काल त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हलणारच होतो."

पुढं एकदा जंगलातले सगळे नादिष्ट कपाटापुढं जमले. यशोधन छाती काढून सांगू लागला, "या वीरानं एकट्यानं खिंड अडवली. दहा लांडगे लोळवले!"

"खिंड कुठली? ओढा होता," हैबतराव म्हणाले. "आणि आम्ही पळत होतो."



म्हाताऱ्या मुंगसानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. "नकली आहे," तो म्हणाला. "अस्सल माल बोलत नाही."

"बाबा!" यशोधन ओरडला. "सगळ्यांसमोर शोभा केलीत माझी!"

त्याच दुपारी हैबतराव पुन्हा बाहेर आले. गोफण मात्र यशोधननं ठेवून घेतली. मुंगसाच्या मते ती खरी होती.

तात्पर्य : घरात ऊब हवी असेल तर वीर व्हावं, जखमी व्हावं, जमल्यास लाकडाचं व्हावं. पण आपली लढाई आपण सांगायला जाऊ नये. त्यासाठी घरात जाणकार असतात.