पिंप हलवू नये

आमच्या कीटकजन्य रोग संशोधन संस्थेच्या मागच्या दाराशी, एसीचं पाणी गळतं तिथे, एक निळं पिंप असतं. त्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या झाल्या. जनसंपर्क अधिकारी या नात्याने स्पष्ट करतो की, त्यासाठी त्यांनी आमची परवानगी घेतली नव्हती.

अळ्या प्रथम दिसल्या संशोधक बाईंना. बाई नव्या होत्या, त्यामुळे त्यांनी सरळ पिंप ओतायला हात घातला. संचालकसाहेबांनी खिडकीतून थांबवलं.

"अहो बाई, काय करताय? या डासांसाठी आपण गावोगाव जीप फिरवतो. हे तर आपल्या पायांनी आलेत."

"सर, पण ते चावतील."

"चावतीलच. नाहीतर अभ्यास कशाचा करायचा?"

पिंपाभोवती दोरी आली, 'पिंप हलवू नये' ही पाटी आली आणि त्याला नैसर्गिक निरीक्षण केंद्राचा दर्जा मिळाला. काखेत कळसा नि गावाला वळसा, हा आमच्यावरचा जुना आरोप एकदाचा निकालात निघाला.

लवकरच हिशेबनीस तापाने आडवे झाले. साहेबांनी त्यांना पुष्पगुच्छ पाठवला, कारण अहवालात तोवर फक्त डास होते, आता माणूसही आला. पाठोपाठ टंकलेखक पडले, शिपाई पडले. मग लक्षात आलं की काही कर्मचारी अंगाला डासांचं मलम चोळून येतात. अशाने निष्कर्ष बिघडतात. मलमावर बंदी आली, अर्ध्या बाह्या सक्तीच्या झाल्या. ते परिपत्रक मीच काढलं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून टेबलाटेबलावर वाटलं.

त्यानंतर आमचे ग्रंथपाल पडले. ते बाईंचे यजमान. बाई रुग्णालयातून तडक साहेबांकडे आल्या.

"सर, त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय. आणि माझी लेक शाळा सुटली की इथेच येऊन बसते. तिला काही व्हायच्या आत ते पिंप उपडं करू द्या."

"मला का कळत नाही? पण अभ्यास सुरू झाला की माझ्या हातात काही उरत नाही. नीतिसमितीला भेटा."

नीतिसमितीची बैठक मच्छरदाणीत भरली होती. अध्यक्षांनी जाळीआडून बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"ज्याला ताप आलाय त्याचा, आणि त्याच्या घरच्यांचा, यात हितसंबंध येतो. तुमचं ऐकता येणार नाही."

"मग ज्याला ताप नाही त्याने सांगितलं तर?"

"त्याची मुळात तक्रारच काय आहे?"

पुढच्या आठवड्यात खुद्द साहेबांना ताप भरला. अंथरुणातून त्यांनी फोन केला, "ओता रे ते पिंप." समितीने ही सूचना खेदपूर्वक फेटाळली. साहेब आता रुग्ण होते.

त्या दुपारी बाईंची लेक दप्तर पाठीला लावून आली आणि मागच्या पायरीवर दंड खाजवत बसली. बाईंनी पाहिलं. दोरी ओलांडली आणि पिंपाला लाथ घातली. पाणी आमच्या सगळ्यांच्या बुटांवरून वाहत गेलं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. पण ती भावना कार्यालयीन नसल्याने मी निलंबनाचं पत्र टाईप करायला बसलो.

लेकीला ताप आला नाही. ग्रंथपाल बरे होऊन घरी गेले. एवढ्या मेहनतीने उभा केलेला अभ्यास असा धुळीला मिळाला.

तरीही विज्ञान थांबत नाही. साहेब उठून बसताच नव्या जागेचा शोध सुरू झाला. अट एकच होती: तिथलं पाणी कोणी ओतता कामा नये. बऱ्याच जागा पाहिल्या, आणि तुमची इमारत एकमताने निवडली गेली. तुमच्या जिन्याखालचं ते झाकण नसलेलं पिंप आम्ही महिनाभर पाहतोय. तुम्ही रोज त्याला वळसा घालून जाता, आणि कोणीतरी बघायला पाहिजे, असं शेजाऱ्यांना न चुकता सांगता.

तिथे पाटीचीही गरज नाही, असं आमच्या समितीचं मत पडलं.